तालुक्याएवढा देश



सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्या आधारावर एकच गोष्ट तुम्हा खालापूर-कर्जतकरांपुढे मांडायची आहे. एखादा छोटा देश आपल्या माणसांच्या आरोग्याचा अभ्यास ज्या निगुतीने करतो, त्या निगुतीने आपल्या तालुक्याचा अभ्यास व्हायला हवा, आणि तो अभ्यास ज्यांचा केला त्यांच्या हातात परत यायला हवा.

उत्तर अटलांटिक समुद्रात आइसलंड नावाचा देश आहे. २०११ साली त्याची लोकसंख्या तीन लाख वीस हजारांच्या आत होती. त्याच वर्षीच्या आपल्या जनगणनेत खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके मिळून चार लाखांच्या पुढे गेले. महाराष्ट्रातल्या कातकरी समाजाची नोंद पावणेतीन लाखांच्या वर झाली. म्हणजे हे दोन तालुके आइसलंडपेक्षा मोठे आहेत, आणि कातकऱ्यांचा वेगळा देश कल्पिला तर तो आइसलंडहून थोडासाच लहान भरेल.

आज आइसलंडमध्ये हजार मुलं जन्मली तर वर्षाच्या आत दोन किंवा तीन दगावतात. जगात याहून चांगला आकडा मिळणं कठीण. पण हे नेहमीच असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे जन्मलेल्या चार मुलांतलं एक तरी पहिला वाढदिवस पाहत नसे. तिथल्या वेस्टमन बेटांवर तर नवजात बाळं आठ-दहा दिवसांतच धनुर्वाताने जात; जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जात. पाद्र्यांच्या वह्यांत जन्म आणि मृत्यू दोन्ही लिहिलेले असत, त्यामुळे किती मुलं जातात हे उघड दिसत होतं. १८४७ साली डेन्मार्कच्या सरकारने पीटर श्लायस्नर नावाचा तरुण डॉक्टर तिथे पाठवला. तो बेटावर राहिला, बाळंतपणासाठी एक स्वच्छ घर उभं केलं, नाळेची निगा राखायला शिकवलं, आणि बाळांचे मृत्यू झपाट्याने खाली आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मांडला जायचा होता. धनुर्वाताची लस निघायला अजून कित्येक दशकं होती. हाताशी होत्या त्या जन्ममृत्यूच्या वह्या आणि तिथे जाऊन राहणारा एक माणूस.

आता आपल्या वह्यांकडे येऊ.

रायगड जिल्ह्याच्या आरोग्याविषयी काही विचारलं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पुढे येतात. मोठ्या मेहनतीचं, जगात मान असलेलं हे सर्वेक्षण आहे आणि मी त्याचा आदर करतो. पण त्याची रचना समजून घ्या. एका जिल्ह्यातली हजाराच्या आतबाहेर घरं निवडायची, तिथे प्रश्न विचारायचे आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज काढायचा. जिल्ह्याच्या खाली हा अंदाज उतरत नाही. तेवढी घरंच त्यात नसतात. रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या सव्वीस लाखांच्या पुढे होती, आणि त्यातले साडेसात लाख लोक एकट्या पनवेल तालुक्यात होते. म्हणजे जिल्ह्यातल्या दर चार माणसांतला एकाहून जास्त पनवेलचा. पनवेलमधल्या खारघरच्या विसाव्या मजल्यावरचं बाळ आणि खालापुरातल्या इर्शाळगडाच्या उतारावरचं बाळ एकाच सरासरीत जातात. सरासरी बरी दिसते. जिल्हा बरा आहे असं मंत्रालयात वाचलं जातं, आणि पैसा दुसऱ्या जिल्ह्याला जातो.

जमातीच्या बाबतीतही हेच. अहवालात 'अनुसूचित जमाती' असा एकच रकाना असतो. त्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी सगळे एकत्र. ज्याची भातखाचरं आहेत, ज्याची मुलं शिक्षक झाली, तो त्यात आहे. आणि ज्याच्या पायाखालची झोपडीची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे, तोही त्यातच आहे. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. केंद्राने २०२३च्या नोव्हेंबरात अशा जमातींसाठी जनमन योजना सुरू केली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण आमचा रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या, अनुसूचीत येत नाही. ठाणे-पालघरमधला आदिवासी अनुसूचित क्षेत्रात राहतो, त्याला ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. घाटाच्या पलीकडे पुणे जिल्ह्याचाही काही भाग त्या क्षेत्रात आहे. मधल्या कर्जत-खालापुरातला आदिवासी त्याच डोंगररांगेत, तीच नाचणी-वरी पेरत, त्या क्षेत्राच्या बाहेर राहतो. डोंगराला ही सीमा ठाऊक नाही, कुपोषणालाही नाही. योजनेच्या पैशाला मात्र ती पक्की ठाऊक आहे.

मग कुणी म्हणेल, अंगणवाडीत वजनं होतात, आशाताईंकडे नोंदी असतात, ग्रामसेवकाकडे जन्ममृत्यूचं रजिस्टर असतं. आणखी काय हवं? तीनही नोंदी आहेत, आणि त्या ठेवणाऱ्या बायकामाणसांच्या कष्टांची मला जाणीव आहे. पण वर्षाचं चक्र पाहा. दिवाळी झाली की कातकरीवाड्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं. कुणी पनवेल-पेणला, कुणी भिवंडीकडे, कुणी परजिल्ह्यात, कुणी परराज्यात. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. या सहा-सात महिन्यांत अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या मुलापुढे 'स्थलांतरित' असा एक शब्द असतो. सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांच्या याद्या होतात तेव्हा हे मूल यादीत नसतं. भट्टीवरच्या गावातही ते नसतं, कारण तिथे ते बाहेरचं. १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्म आणि मृत्यू जिथे घडला तिथे एकवीस दिवसांत नोंदवायचा असतो. भट्टीवर जन्मून बारशाआधीच गेलेल्या बाळासाठी कुठला बाप कामाचा खाडा करून अनोळखी गावच्या ग्रामपंचायतीत जाईल? हे मूल जन्मलंही नाही आणि मेलंही नाही, असं सरकारी कागद सांगतात. आपला बालमृत्यूदर काढताना ते वरच्या, म्हणजे मृत्यूंच्या, आकड्यातही येत नाही आणि खालच्या, म्हणजे जन्मांच्या, आकड्यातही नाही. ज्या मुलांना सर्वांत जास्त धोका, नेमकी तीच मोजणीतून गळतात, आणि मग कार्यक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल तयार होतो.

न मोजलेल्या माणसांची या भूमीला जुनी सवय आहे. तुमच्या डोक्यावर बोरघाट आहे. कर्जतहून पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल असा वर चढणारा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. १८६१च्या सुमारास घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकी, हगवण, ताप, सुरुंग आणि कडेलोट यांत चोवीस हजारांवर माणसं गेल्याचा अंदाज इतिहासकार सांगतात. हा अंदाजच आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची पत्नी ॲलिस हिने तो ठेका पुरा केला. त्यांची नावं इतिहासात आहेत. चोवीस हजारांतलं एकही नाव मला ग्रंथांत सापडलेलं नाही.

आणि अलीकडचं. १९ जुलै २०२३ची रात्र इथल्या कुणाला सांगायला नको. इर्शाळवाडी तुमच्याच खालापूर तालुक्यातली. दरड कोसळली, वाडीला रस्ता नसल्याने यंत्र वर नेता आलं नाही, माणसं चढून गेली आणि हातांनी माती उपसली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैला शोध थांबवला. त्या चार दिवसांत प्रशासनाला सर्वांत आधी कोणतं काम करावं लागलं? वाडीत त्या रात्री कोण कोण होतं याची यादी करावी लागली. कोण आश्रमशाळेत होतं, कोण कामाला खाली गेलं होतं, कोण पाहुणं आलं होतं, हे वाचलेल्यांना विचारून विचारून जुळवावं लागलं. विधिमंडळात सांगितलं गेलं की दरडग्रस्त गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. मी कुणावर दोष ठेवायला इथे आलेलो नाही. त्या दिवसांत अधिकारी, गिर्यारोहक, स्वयंसेवक यांनी जिवाचं रान केलं. पण जी वाडी धोक्याच्या यादीत नाही, जिच्यातल्या माणसांची आदल्या दिवशीची पक्की यादी नाही, तिच्या आरोग्याची माहिती कुठून येणार?

आता उमेदीचं बोलतो. लहान जागेत राहून, लहान साधनांनी जगाला शिकवणारं संशोधन होतं, याचा दाखला शोधायला परदेशी जायला नको. तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश त्या काळी मृत्यूचं आमंत्रण होता. विशेषतः मुलांच्या बाबतीत. रात्री लाकूडफाटा हलवताना, पेंढ्यात हात घालताना, अंथरुणात विंचू चावायचा. आधी उलट्या, मग अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, आणि काही तासांत छातीत पाणी भरून तोंडाला फेस. दंश झालेल्यांपैकी रुग्णालयात पोहोचलेल्यांतलेही तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता. बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेशी बसले. रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, प्रत्येक गोष्ट वेळेनिशी लिहिली. ताप नाही, सूज नाही, पण उलटी आणि घाम ही हृदय धोक्यात येत असल्याची आगाऊ सूचना आहे, हे त्या नोंदींतून त्यांच्या लक्षात आलं. १९८२ साली ते निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, तोंडाने घ्यायचं, स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. १९८६ साली त्याचेही निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. पुढे २०११ साली प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो का, याची शास्त्रशुद्ध चाचणी त्यांनी महाडमध्येच केली आणि ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. संशोधनाचा प्रश्न कुणी दिला? निधी देणाऱ्या संस्थेने दिला नाही, परदेशी विद्यापीठाने दिला नाही. मध्यरात्री बैलगाडीतून, खांद्यावरून मूल घेऊन येणाऱ्या आईबापांनी तो दिला. आणि उत्तर त्याच दारात परत गेलं, कारण औषध त्याच आरोग्य केंद्रात मिळायला लागलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर इतकं कमी असलेलं संशोधन मी जगात फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रयोग झाला, आणि तो जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही. डॉ. नोशीर अंतिया हे जे. जे. रुग्णालयातले नामांकित प्लास्टिक सर्जन. कुष्ठरुग्णांची वाकडी झालेली बोटं, बसलेली नाकं शस्त्रक्रियेने नीट करणारे. सत्तरच्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरातल्या सुमारे तीस गावांत त्यांनी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७५मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेचं हे काम. या बायकांनी क्षयरोग आणि कुष्ठरोग ओळखले, गरोदर बायकांची काळजी घेतली, नेहमीचे आजार हाताळले. अंतियांनी मोकळेपणाने लिहिलं की आरोग्याच्या बहुतेक गरजा गावातल्या गावात भागू शकतात आणि डॉक्टर मंडळींनी वैद्यकाला विनाकारण गूढ करून ठेवलं आहे. १९८१ साली भारतीय समाजविज्ञान आणि वैद्यकीय संशोधन परिषदांच्या संयुक्त गटाने 'सर्वांसाठी आरोग्य' या विषयावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या विचारातही अंतियांचा वाटा होता.

मांडव्याचा प्रयोग दहाएक वर्षांत थांबला. औषधं चुकली म्हणून तो थांबला नाही. बायका शहाण्या झाल्या, प्रश्न विचारू लागल्या, आरोग्य केंद्रात येणारी औषधं कुठे जातात याचा हिशेब मागू लागल्या, तेव्हा गावातल्या सत्तेला ते रुचलं नाही. अंतियांचं मोठेपण असं की त्यांनी हे झाकलं नाही. आपला प्रयोग कुठे आणि का अडला, हे त्यांनी शोधनिबंध लिहून जगापुढे ठेवलं. आरोग्याच्या संशोधनात सत्तेचा प्रश्न येतोच, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकवू शकलो नाही. मांडव्याच्या गोष्टीतून शिकवू शकलो.

गडचिरोलीतलं काम तुम्ही सगळे जाणता, म्हणून थोडक्यात सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दोनच गावं, पण त्या अभ्यासाने जगाचं लक्ष गरोदरपणापलीकडच्या बाईकडे वळवलं. पुढे ३९ गावांत त्यांनी नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत वापरून पाहिली. १९९९ साली निष्कर्ष आले, तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून हीच पद्धत देशभर आशांमार्फत राबवली जाते. आज खालापुरातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, अंग गार लागतं का पाहते, तेव्हा ती त्या ३९ गावांतलं ज्ञान तुमच्या घरात घेऊन येत असते. या कामाचा मोबदला एका बाळामागे अडीचशे रुपये ठरला. एवढ्या ज्ञानाची एवढी किंमत आपण लावली, याचं मला दुःख होतं.

पण छोट्या देशांच्या अभ्यासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती दाखवल्याशिवाय मी पुढे गेलो तर अन्याय होईल. प्रशांत महासागरात नाउरू हे दहा-बारा हजार वस्तीचं बेट-राष्ट्र. तिथल्या जमिनीत फॉस्फेट होतं. परक्या कंपन्यांनी ते खणून नेलं, शेतीची जमीन गेली, मासेमारी सुटली, डबाबंद अन्न आलं. १९७५ साली ऑस्ट्रेलियाच्या पॉल झिमेट यांनी तपासणी केली तेव्हा तिथल्या प्रौढांपैकी एक तृतीयांशांच्या आसपास मधुमेही निघाले. नाउरू जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेलं. मधुमेहाचं शास्त्र पुढे गेलं. फॉस्फेट संपलं, आणि नाउरूतली माणसं अजूनही मधुमेहाने लवकर मरतात.

आइसलंडमध्येही १९९८ साली असा कायदा झाला की सगळ्या नागरिकांच्या आरोग्यनोंदी एका खासगी कंपनीच्या संशोधनासाठी एकत्र करायच्या, आणि ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं. एका मुलीने सांगितलं, माझ्या वारलेल्या वडिलांच्या नोंदी मी देणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ साली न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. तीन लाखांच्या देशात एका मुलीला हे करता आलं. आपल्या वाडीवर कुणी विद्यार्थी प्रबंधासाठी येतो, मुलांचे दंड मोजतो, बोटातून रक्त काढतो, आईचा अंगठा कागदावर घेतो आणि जातो. ती आई 'नको' म्हणू शकते, हे तिला कुणी सांगितलेलं असतं का? तिच्या मुलाचं हिमोग्लोबिन किती निघालं, हे तिला कुणी परत येऊन सांगतं का? ए. एन. वेलिंग यांनी १९३४ साली कातकऱ्यांवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून नव्वद वर्षं विद्वान कातकऱ्यांविषयी लिहीत आले आहेत. त्यातलं किती कातकरीवाडीवर वाचून दाखवलं गेलं?

याला एक सुंदर अपवाद कर्जतमध्येच आहे. कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्समधले राजीव खेडकर आणि त्यांच्याबरोबरचे संशोधक डॅनियल बकल्स यांनी कातकऱ्यांच्या घराखालच्या जागेचा प्रश्न कातकऱ्यांबरोबर बसून अभ्यासला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथे असते, पण जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याची. मुंबईजवळ फार्महाऊसला भाव आला, जमीन विकली गेली, वाडीला कुंपण पडलं. ओढ्याची वाट गेली, सरपणाची लाकडं आणायची वाट गेली. १९४८च्या कूळकायद्यात राहत्या जागेचं संरक्षण आहे, गावठाण वाढवून देता येतं. या संशोधनातून वाड्यांचे नकाशे झाले, बैठका झाल्या, अर्ज गेले. कुणी विचारेल, यात आरोग्य कुठे आलं? जागा नावावर नसेल तर घरकुल नाही, शौचालयाचं अनुदान नाही, नळ नाही. हगवणीचं मूळ तलाठ्याच्या दप्तरात सापडतं, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवलं नव्हतं.

आरोग्य म्हणजे आजार नसणं एवढंच नव्हे, हे आपण भाषणात म्हणतो. भूतान देशाने ते मोजायचं ठरवलं. भूतानची वस्ती सात लाखांच्या घरात, म्हणजे खालापूरसारखे साडेतीन तालुके. तिथे लोकांच्या समाधानाचं सर्वेक्षण होतं. नऊ क्षेत्रं, तेहतीस निर्देशांक. त्यातलं एक क्षेत्र आहे वेळेचा वापर. दिवसाचे किती तास कामात गेले, किती झोपेत. मला हा प्रश्न आपल्याकडे विचारावासा वाटतो. आपल्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मोरबे धरण तुमच्या खालापूर तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. चैत्र-वैशाखात ठाकरवाडीतली बाई हंडा घेऊन किती वेळा खाली उतरते, किती वेळ झऱ्याशी वाटी वाटीने पाणी भरते, आणि त्या वेळात तिचं अंगावर पिणारं मूल कुणाजवळ असतं? हा वेळ मोजला तर कुपोषणाचं निम्मं कोडं तिथेच उलगडेल, अशी माझी अनेक वर्षांची समजूत आहे. आई अशिक्षित आहे, तिला मुलाला भरवायचं कळत नाही, असं सांगणारी पोस्टरं आपण पुष्कळ लावली. तिला भरवायला वेळ कधी मिळतो, हे विचारलं नाही. आषाढ-श्रावणात घरात काय शिजतं, तेही विचारावं लागेल. भात अजून शेतात असतो, भट्टीचा पैसा संपलेला असतो, कामं थांबलेली असतात. टाकळा, कुर्डू या रानभाज्या आणि खेकडे यांच्यावर घर चालतं. सरकारची खावटी मदत वेळेवर आली तर आली. मुलांची वजनं याच महिन्यांत उतरतात.

मग करायचं काय? मी मोठ्या संस्थेची मागणी करत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांची एक कायमची नोंद सुरू व्हावी. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस, नावानिशी. वाडीतल्याच एका शिकलेल्या मुलीने ती ठेवावी आणि तिला त्याचा नीट पगार मिळावा. आशांच्या मोबदल्याची चूक पुन्हा नको. कुटुंब भट्टीवर गेलं तर कुठल्या मुकादमाबरोबर, कुठल्या गावी, हे त्यात असावं, आणि तिथल्या आशाताईला फोन जावा. मृत्यू झाला तर घरच्यांशी बसून, शोकाचे दिवस सरल्यावर, काय काय झालं हे विचारून लिहावं: ताप किती दिवस, धाप होती का, गाडी कधी मिळाली, दवाखान्यात कुणी पाहिलं. मृत्यूच्या अशा तोंडी चौकशीची पद्धत शास्त्राने मान्य केलेली आहे. डॉक्टरने प्रमाणपत्र न दिलेल्या मृत्यूंची कारणं देशभर अशाच रीतीने शोधली गेली आहेत. आणि वर्षातून दोनदा ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. नावं उघड न करता, पण आकडे सगळे. वाडीने ठरवावं की यातला कुठला प्रश्न आधी धरायचा. बाहेरून कुणी संशोधक आला तर त्याने आधी त्या सभेपुढे उभं राहून आपला प्रश्न समजावून सांगावा, सभेने हो म्हटलं तर काम करावं, आणि निष्कर्ष तिथेच येऊन मराठीत सांगावेत.

खर्चाची अडचण मला कुणी सांगेल. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली ५,२०९ माणसांची नोंद सुरू झाली. सिगारेट, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, हे जगाला त्या एका गावाने सांगितलं. ती नोंद आजही चालू आहे, मूळ माणसांच्या नातवंडांपर्यंत पोहोचली आहे. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे खरं. पण आपल्या वहीला महागडं यंत्र लागत नाही. खोपोलीपासून रसायनी-पाताळगंगेपर्यंत कारखाने आहेत, त्यांतल्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी पैसा बाजूला काढावाच लागतो. खालापूर तालुक्यातल्याच रसायनीत हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सने देशाच्या हिवतापविरोधी मोहिमेसाठी डीडीटी तयार केलं. देशाच्या आरोग्याला या मातीने माल पुरवला आहे. आता इथल्या वाड्यांच्या नोंदीसाठी चार-पाच मुलींचे पगार इथून निघाले तर ते उपकार नव्हेत. पैसा देणाऱ्याचा नोंदीवर मात्र कोणताही अधिकार नसावा, हे पहिल्याच कागदावर लिहून घ्यावं. आइसलंडच्या त्या मुलीने हे आपल्याला शिकवलं आहे.

ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की या नोंदीची पहिली बैठक खालापुरातल्या चौकला किंवा कर्जतमधल्या कशेळ्याला घ्यावी. तालुक्याच्या गावी घेतली तर वाडीवरच्या बायका येऊ शकणार नाहीत. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामसेवक, आश्रमशाळेचे शिक्षक आणि प्रत्येक वाडीतली दोन माणसं एवढी पुरेत. मी येईन. आणि ही बैठक कोजागिरीच्या आत व्हावी, कारण दिवाळीनंतर ज्यांची नावं पहिल्या पानावर लिहायची, ती कुटुंबं भट्ट्यांवर गेलेली असतील.